चौथा रकाना

शाहूपुरीत, गुळाच्या अडतीच्या डोक्यावर
आमच्या दूध संघाची संगणक खोली.
गुळाचा वास जिना चढून येतो
आणि त्याच्या मागोमाग मुंग्या,
कीबोर्डाच्या फटीफटींत.

दर दहा दिवसांनी बिल.
एकशे चौदा गावांची फाइल, ओळीखाली ओळ:
संस्था, सभासद, नाव, शेरा, लिटर, फॅट.
मला त्यातलं थोडंच लागतं.
कट. डॅश डी, स्वल्पविराम. डॅश एफ, दोन पाच सहा.
म्हणजे, स्वल्पविराम दिसला की तोड,
दुसरा, पाचवा, सहावा तुकडा ठेव.
चाळीस हजार ओळी
बोट उचलायच्या आत निवडून होतात,
गवारीसारख्या. शेंग इकडं, देठ तिकडं.

नाव देठात जातं.
शेरा देठात जातो.
पैसे नंबरावर जमा होतात, नावाचं काय काम?

मग एका बिलात निघालं:
सभासद सत्तावीस.
लिटर: आई दवाखान्यात.
फॅट: साडेतीन.

इंगवले साहेबांनी चष्मा कपाळावर नेला.
"आई दवाखान्यात गुणिले दर,
किती होतंय तेवढं काढून द्या."

अख्ख्या ओळी उघडून बघितल्या.
गगनबावड्याकडची एकच संस्था, सचिव हिंदुराव चौगुले.
बाकी गावांचा शेरा कोरा, फार तर 'ठीक'.
हा माणूस लिहितो:

घागर हिंदकळली, अर्धा लिटर वाटेतच, लेकीला बोलू नका
ओढ्याला पाणी, उशीर
सुनेनं आणलं, नाव सासूचंच ठेवलंय
पोरानं वाटेत प्यालं, तालमीला जातो
म्हैस आटत आली, माणूसबी
गिरजाबाईंचं पोरगं घेऊन आलं, आई दवाखान्यात

प्रत्येक स्वल्पविरामाशी एक रकाना वाढलेला,
लिटर सरकून फॅटच्या जागी,
फॅट ओळीच्या बाहेर.

फोन लावला.
"शेऱ्यात स्वल्पविराम देऊ नका."
तिकडं कॅन आपटल्याचा आवाज.
"मग मॅडम, थांबायचं कुठं?"
"थांबू नका."
बराच वेळ काही नाही. मग, "बरं."

पुढचं बिल स्वच्छ.
एकही ओळ अडली नाही, साहेब खूश.
मी उगीच फक्त चौथा रकाना कापून बघितला:
ठीक
ठीक
ठीक
सत्तावीसलाही ठीक.

त्या रात्री गंगावेशीत म्हशीपुढं उभी राहिले,
ग्लास धरून.
धार पडली, फेस काठाच्या वर आला.
मी म्हटलं, नुसता फेसच दिलात.
गवळी म्हणाला,
"फेस त्याला पाहिजे तेवढा फुगंल, ताई.
दूध तळाकडनं मोजायचं."

सकाळी मुंग्या झटकल्या, बसले.
पुढचे दोन तुकडे पुढून घेतले.
मग ओळ उलटी केली,
सहा पूर्णांक आठचे झाले आठ पूर्णांक सहा,
पहिले दोन तुकडे कापले, परत सुलटे केले.
लिटर आणि फॅट, शेवटचे दोन, कायम शेवटचेच.
मधल्या जागेत कुणी कितीही थांबू दे,
मोजणी चुकत नाही.
इतकं साधं होतं,
आणि मी एका माणसाला गप्प बसवलं होतं.

"हिंदुराव, द्या स्वल्पविराम."
"किती?"
"मी मोजत नाही."

ह्या वेळची फाइल काल आली.
सत्तावीस: स्वतः आल्या, काठी टेकत, कॅनला कुणाला हात लावू दिला नाही,
चार लिटर, सात एक.

आणि सभासद एक, म्हणजे स्वतः चौगुले:
मॅडम, हे कुणी वाचतं का, नुसतं विचारलं,
पाच लिटर, सहा नऊ.